बरगडीखालचा ठोसा

मनांग लुडी, माझी मोठी ताई,

बॉक्सिंगच्या लढतीत जिंकलेले पैसे परत पाठवलेस, वर ऐकवतेस की माझ्याविरुद्ध लढलेला आर्नेल पैसे खाऊन मुद्दाम पडला. व्हिडिओत तुला काय दिसणार? बरगडीखाली, यकृतावर बसलेला ठोसा बघणाऱ्याला कळतच नाही. माणूस पाऊलभर चालतो, मग पाय आपोआप दुमडतात. मलाही आधी नाटकच वाटलं.

नंतर तोच पोट धरून माझ्याकडे आला. म्हणाला, "भात गिळवत नाही, लेका. कुणी शिकवलं हे?"

"बहिणीनं," म्हटलं. बंदरावर गुडघे वाकवून जड ट्यूना मासे उचलायला तूच शिकवलंस ना? जोर तिथूनच येतो. आता सेबू शहरात मोठी लढत मिळालीय.

हे पत्र टाकायचा धीर होणार नाही, पण पैसे पुन्हा पाठवतोय. कष्टाचे आहेत, ठेवून घे.

तुझा जुनरेल

ता. क. पाठवतोय ती रक्कम: नऊ हजार पेसो.