गाळणीला कळलेला सूर

तीर्थस्वरूप ताईस,

धाकट्याचा वाकून नमस्कार. (वाकून म्हणजे खरोखर वाकून. दुकानाच्या बुटक्या काउंटरवर लिहितो आहे, त्यामुळे कंबर आपोआप नमस्काराच्या बेतात आलेली आहे.) तुझे गुडघे काय म्हणतात, भाऊजींना झोप लागते का, भाचीच्या लग्नाची खरेदी आटोपली की अजून तू दुकानदारांना रडवते आहेस, हे सगळं सविस्तर कळव. इकडे आम्ही दोघं उत्तम आहोत. नुसते उत्तम नाही, आम्ही जिंकलो आहोत. फोनवरच सांगणार होतो, पण फोनवर तू मला एक वाक्य पुरं करू देत नाहीस आणि या विजयाला वाक्यं बरीच लागणार आहेत. पत्राला मध्येच 'बरं, ठेवते' म्हणता येत नाही, हा पत्राचा मोठा गुण आहे.

पहिल्यापासून सांगतो. अर्धं तुला माहीत आहे, पण ते अर्धं तू संतापलेली असताना घडल्यामुळे तुझ्या नीट लक्षात राहिलं नसणार. तुझी भावजय अर्धांगाचा झटका आलेल्या माणसांना व्यायाम शिकवते आणि ज्यांना दवाखान्यापर्यंत येणं जमत नाही त्यांच्यासाठी त्या व्यायामाचे व्हिडिओ इंटरनेटवर फुकट टाकते, हे तूच चारचौघांत अभिमानाने सांगतेस. (माझ्या कुलूप-किल्ल्यांच्या दुकानाबद्दल असं काही सांगितल्याचं अजून कानावर आलेलं नाही.) व्हिडिओत ती हात धरून दाखवते, बाजूला तू तिला लग्नात दिलेलं ते ताल धरायचं लाकडी यंत्र ठकाठक वाजत असतं, आणि ती म्हणते, "एक, दोन, तीन, चार, सोडा." त्या यंत्राचं खरं नाव मेट्रोनोम, पण घरात आम्ही त्याला टकटक्या म्हणतो. तू पडलीस गाणं शिकवणारी, भावजयीला आहेरात साडी सोडून टकटक्या दिलास म्हणून तेव्हा सगळे हसले होते, त्यात मीही होतो. पण भाऊजींची झटक्यानंतर आवळलेली उजवी मूठ उघडायला लागली ती याच टकटकीवर.

आणि मग ती सकाळ आली. भाऊजी तुझं मनगट धरून व्यायाम करत होते. पडद्यावर 'चार' झालं आणि पडदा काळा पडला. 'सोडा' आलंच नाही. तुझं दूध उतू चाललं होतं, तू ओढाओढ केलीस, पण भाऊजी पडले कवायतीचे मास्तर, हुकमाशिवाय सोडणं त्यांच्या रक्तातच नाही. "बाई म्हणाल्या नाहीत अजून," एवढं त्यांनी महत्प्रयासाने तुला सांगितलं. शेवटी तू मोकळ्या हाताने आमचा नंबर फिरवलास, तुझ्या भावजयीने फोनवरून 'सोडा' म्हटलं तेव्हा कुठे तुझी सुटका झाली. त्यानंतर तू मला जे बोललीस ते मी मनावर घेतलेलं नाही. (व्हिडिओ मीच कुठलं तरी बटण दाबून घालवला, असं तुझं ठाम मत होतं.)

तर तो मी घालवला नव्हता. त्या साइटवाल्यांनी एक यंत्र बसवलं आहे. लोकांनी टाकलेल्या प्रत्येक व्हिडिओत दुसऱ्याच्या मालकीचं काही सापडतं का, हे ते यंत्र तपासतं आणि सापडलं की व्हिडिओ उडवतं. आमच्यात त्याला गाळणी म्हणतात. कुठल्याशा संगीत कंपनीच्या एका गाण्याची सुरुवात तशाच टकटकीने होते म्हणे, म्हणून गाळणीने ठरवलं की आमची टकटक त्या कंपनीची. तुझ्या भावजयीने तक्रार केली. तक्रारीचा काळजीपूर्वक विचार करण्यात आला असून ती फेटाळण्यात येत आहे, असं उत्तर आलं, आणि ते इतक्या तातडीने आलं की तिचं बोट अजून बटणावरच होतं. तक्रारीचा विचारही गाळणीच करते, हे आम्हाला मागाहून कळलं. एकामागून एक व्हिडिओ गेले आणि मग सगळ्यालाच टाळं लागलं. जन्मभर लोकांची कुलपं उघडून दिलेल्या माणसाच्या बायकोला कुलूप, आणि त्याला भोकही नाही की जिथे मी तार घालू शकेन.

एवढ्यावर भागलं असतं तर मी दोन दिवस चरफडून गप्प बसलो असतो. पण त्याच सुमारास कॉपीराइटचं नवं विधेयक आलं. त्यात असं होतं की यापुढे प्रत्येक साइटने गाळणी बसवलीच पाहिजे, माणसाने टाकलेली प्रत्येक गोष्ट आधी तिच्यातून गाळून मगच लोकांना दिसेल, आणि ज्याला एकदा टाळं लागलं त्याला पुन्हा कुठेही दार उघडता येणार नाही. म्हणजे 'सोडा' कायमचं गेलं. तेव्हा मी तुला फोन करून भाऊजींच्या हाताचं विचारलं आणि तू म्हणालीस, "बोटं परत आत वळायला लागलीत." त्यानंतर तू काहीच बोलली नाहीस. ताई, तू गप्प बसलेली मी कधी ऐकलेली नव्हती. मी शटर अर्धं ओढलं आणि तडक वाचनालयात गेलो.

वाचनालयात का, तर या विधेयकाविरुद्धची चळवळ आमच्या ग्रंथपालबाई चालवत होत्या. (वाचकांनी वाचून दाखवलेल्या जुन्या पुस्तकांची ध्वनिमुद्रणं त्यांनी अंधांसाठी इंटरनेटवर ठेवली होती, तीही गाळणीने गिळली होती.) बाई धीराच्या आहेत, पण सारा जन्म लोकांना 'हळू बोला' सांगण्यात गेल्यामुळे त्यांनी काढलेल्या मोर्चाची कल्पना तू करू शकतेस. लोक आडनावांच्या क्रमाने उभे. घोषणा इतक्या हळू आवाजात की बंदोबस्ताचा पोलीस काय चाललंय ते ऐकायला आमच्यात येऊन उभा राहिला आणि शेवटपर्यंत आमच्यातच चालला. फलक तयार करण्याचं काम माझ्याकडे होतं. मी दुकानाच्या जुन्या पाट्या काढल्या, त्यांच्या कोऱ्या पाठीवर लाल रंगात 'इंटरनेटला कुलूप नको' असं ठसठशीत लिहिलं आणि दांडे ठोकले. काम सुबकच झालं होतं. फक्त चौकात वारा सुटला आणि पाट्या फिरल्या. दुसऱ्या दिवशीच्या पेपरात पहिल्या पानावर फोटो होता, कॉपीराइट कायद्याविरुद्ध मोर्चा, अग्रभागी गंभीर चेहऱ्याच्या ग्रंथपालबाई, आणि त्यांच्या हातात पाटी: 'डुप्लिकेट हुबेहूब करून मिळेल'. (आधीचे 'कोणत्याही किल्लीची' हे शब्द जुन्या रंगाबरोबर केव्हाच उडून गेले होते. ते राहू दे.) बाई मला एवढंच म्हणाल्या, "पाठ तपासून घ्यायला हवी होती." तुझ्या ओरडण्यापेक्षा ते मला जास्त लागलं.

आता मुख्य प्रसंग. विधेयकावर समितीपुढे जाहीर सुनावणी होती. लांबलचक टेबल, मध्ये चष्मा साखळीला लटकवलेल्या अध्यक्षबाई, एका बाजूला संगीत कंपनीचे वकील, दुसऱ्या बाजूला आम्ही, प्रत्येकापुढे मायक्रोफोन. सुनावणी त्याच साइटवरून सगळ्यांना थेट दाखवत होते आणि समोरच्या भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर आम्हालाही आम्ही दिसत होतो. वकीलसाहेबांनी उभं राहून पहिली गोष्ट काय केली असेल तर तो फोटो दाखवला. 'हुबेहूब' हा शब्द त्यांनी दोनदा वाचला. सभागृह हसलं, ग्रंथपालबाईंनी मान खाली घातली आणि माझी पाचावर धारण बसली. मी कुलपांची उपमा देऊन एक सुंदर भाषण तयार केलं होतं (शेजारच्या घराचं दार आपल्या दारासारखं दिसतं म्हणून कोणी त्याला टाळं ठोकत नाही, या मुद्द्यावर ते आधारलेलं होतं), त्यातला एक शब्द आठवेना.

घाबरलो की मी काय करतो हे तुला ठाऊक आहे. मी गुणगुणायला लागलो. तेच गाणं, ज्याच्या पहिल्या ओळीवर तू मला तुझ्या वर्गातून उठवून बाहेर झाडांना पाणी घालायला पाठवलं होतंस. एरवी तुझ्या भावजयीचं कोपर लगेच माझ्या बरगडीत येतं. या वेळी तिने मांडीवरची पर्स उचलून टेबलावर मायक्रोफोनला खेटून ठेवली आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "चालू ठेवा, थांबू नका." इतक्या वर्षांच्या संसारात प्रथमच. मी चालू ठेवलं. वकीलसाहेब सांगत होते की गाळणीकडून चूक होणं शक्यच नाही. बाकी शांतता अशी की कुठल्या तरी घड्याळाची टिकटिकसुद्धा ऐकू येत होती. आणि पडदा काळा पडला. वर पांढऱ्या अक्षरांत आलं की या प्रक्षेपणात दुसऱ्याच्या मालकीचं संगीत आढळल्यामुळे ते थांबवण्यात आलं आहे.

ताई, तो क्षण तू बघायला हवा होतास. अध्यक्षबाईंनी चष्मा लावला, पडदा वाचला, काढला, पुसला आणि पुन्हा वाचला. म्हणाल्या, "संगीत? कोण गातंय इथे?" तुझ्या भावजयीने शांतपणे माझ्याकडे बोट केलं. बाईंनी मला आपादमस्तक न्याहाळलं आणि विचारलं, "हे गाणं होतं?" (असं विचारणारी तूच एकटी नाहीस, याचं समाधान वाटून घे.) वकीलसाहेबांनी लगेच संधी साधली. म्हणाले, पाहा, गाळणीने अचूक ओळखलं, हा माणूस आमचंच गाणं गात होता. त्यावर बाई म्हणाल्या, "एक माणूस कोपऱ्यात गुणगुणला म्हणून तुम्ही माझी समिती बंद केलीत? आता मी बोलते आहे, तेही तुमच्याच मालकीचं का?" त्यांनी प्रक्षेपण सुरू करायला सांगितलं. साइटला तक्रार गेली. तक्रारीचा काळजीपूर्वक विचार करण्यात येऊन ती फेटाळण्यात आली, आणि हे त्यांनी सगळ्यांसमोर मोठ्याने वाचलं. पुढे काही बोलायची गरजच उरली नाही. माझं भाषण खिशात तसंच राहिलं.

विधेयकातलं गाळणीचं सगळं कलम गळालं. आता माणसाने पाहिल्याशिवाय, समोरच्याचं ऐकून घेतल्याशिवाय कोणाचं काही बंद करता येणार नाही, आणि आधी लागलेली कुलपं उघडावी लागणार. सभागृहाबाहेर ग्रंथपालबाई आयुष्यात पहिल्यांदा ओरडल्या. फार मोठ्याने नाही, पण ओरडल्या. तो पोलीसही भेटला, त्याने माझ्याशी हात मिळवला. परवा तुझा फोन आला आणि तू पुन्हा काही बोलली नाहीस. पण मागून तुझ्या भावजयीचा व्हिडिओतला आवाज आला, 'चार, सोडा', आणि मग भाऊजींचा, "सोडलं." मी दुकानात होतो. गिऱ्हाइकाला म्हटलं, डोळ्यात किल्लीचा कीस गेला.

हे सगळं माझ्या गळ्याने केलं, ताई. मी गाळणीविरुद्ध लढलो आणि पुन्हा लढेन, पण एक गोष्ट मान्य करायला हवी. या जगात माझा सूर ओळखणारी ती पहिलीच. ज्या गळ्यातून गाणं निघतंय की बिजागरी कुरकुरतेय हे तुला चाळीस पोरं तयार करूनही कळलं नाही, ते तिला पहिल्या ओळीत कळलं. भाऊजींना नमस्कार, भाचीला आशीर्वाद, आणि तुझ्या गुडघ्यांना तेल.

तुझाच,
धाकटा

ता. क. आता जरा कामाचं. भाचीच्या लग्नात संध्याकाळी तुझ्या विद्यार्थ्यांचा गाण्याचा कार्यक्रम आहे असं कळलं. त्यात सुरुवातीला एक गाणं मी म्हणावं अशी माझी इच्छा आहे. तेच गाणं. तू नाही म्हणशील म्हणूनच वरचं सगळं इतकं खुलासेवार लिहिलं.

ता. क. २. मायक्रोफोन बरा बघ.

*

वन्सं, नमस्कार. पत्र पेटीत टाकायला ह्यांनी माझ्याकडे दिलं, म्हणून खालच्या जागेत मावेल तेवढं लिहिते. पर्समध्ये टकटक्या होता. ज्या आवाजावरून मला टाळं लागलं तोच समितीलाही लागू दे, म्हणून मीच तो चालू करून मायक्रोफोनला लावून ठेवला. तो कोणाच्या लक्षात येऊ नये म्हणून ह्यांना थांबू नका म्हटलं. साइटवाल्यांनी मागाहून माफी मागताना कळवलं की टकटक ओळखली गेली. सोबतच्या पुरुषाच्या आवाजात संगीत आढळलं नाही.

हे मी ह्यांना सांगितलेलं नाही आणि तुम्हीही सांगू नका. ह्यांनी तुम्हाला एक गोष्ट लिहिली नाही, ती मी लिहिते. व्हिडिओ बंद होते तेव्हा हे रोज दुपारी दुकान बंद करून माझ्या एकेका पेशंटच्या घरी जात होते, हात धरून एक-दोन-तीन-चार म्हणायला. म्हणून लग्नात ह्यांना गाऊ द्या. भाऊजींना पहिल्या रांगेत बसवा आणि सांगा की गाणं संपलं की टाळ्या वाजवायच्या, दोन्ही हातांनी, तो व्यायामच आहे. गाणं कुठे संपलं ते कोणालाच कळणार नाही. मी 'सोडा' म्हणेन, तेव्हा टाळ्या सुरू करा म्हणावं.