न सुटणारा झगा

४ मार्च, सोमवार
नाचघर पाडायला घेतलं! घरभर धूळ. देव फडक्याने झाकून ठेवले. आधी ते गोदाम होतं, मग नाचघर, दोनदा पोलिसांचं कुलूप, शेवटी उंदरांची वस्ती. शेजारीण नाकाला पदर लावून म्हणते, "गेलं बाई पाप एकदाचं!" हिचा नवरा मागच्या दाराने जायचा, ते विसरली वाटतं.

५ मार्च, मंगळवार
एक वर्तमानपत्रवाला आला होता. नाचघराचा इतिहास लिहितोय. गल्लीत जो तो कानावर हात ठेवतो! मालकाच्या मुलाने त्याला सांगितलंय — "न सुटणारा झगा ही वडिलांची कल्पना. त्यावरच नाचघर गाजलं."
वडिलांची कल्पना! डोंबलाची!
मी तोंड उघडणार तोच हे खोकले. तो गेल्यावर म्हणाले, "लेकीचं ठरत आलंय. रविवारी तिच्या होणाऱ्या सासूबाई येतायत. तोंडाला कुलूप लाव." लावलं.

७ मार्च, गुरुवार
निदान इथे तरी लिहिते. यांचा कारखाना बंद पडला तेव्हा नाचघराचा शिंपी मला काम आणून द्यायचा. घरीच शिवायचे. तिथला उंबरा कधी ओलांडला नाही, नाचणारीला कधी पाहिलं नाही. तिचं माप तेवढं पाठ — डावा खांदा उजव्यापेक्षा बोटभर खाली.
झगा साखळी टाक्याने शिवायचा, टोक मोकळं ठेवायचं. नाचताना तिने दोरा ओढला की सरसर सगळा उसवणार. देवाला हात जोडून शिवायला बसायचे. देवाने कधी तोंड फिरवलं नाही, मग गल्लीने का फिरवावं?
एकदा हाताच्या सवयीने टोकाला गाठ मारून बसले. शाळेतल्या शिवणाच्या बाईंनी तेच तर अंगात मुरवलेलं — दोरा उघडा सोडायचा नाही! तिकडे ती ओढतेय, ओढतेय, झगा ढिम्म! शिंपी सांगत होता, ती लोकांनाच म्हणाली, "शिवणारी माझ्याहून सोवळी निघाली, बाबांनो!" आणि झग्यासकट अशी काही नाचली, की लोक हसून हसून बेजार. लगेच निरोप आला — यापुढे गाठ मारूनच द्या.
त्या गाठीवर आमची चूल पेटली, लेक शिकली. आणि नाव मालकाचं?

८ मार्च, शुक्रवार
सांगितलं! वर्तमानपत्रवाल्याला बोलावून सगळं सांगितलं, माझ्या नावासकट. हे म्हणाले, "लेकीच्या मुळावर उठलीस." लेक म्हणाली, "आई, फोटोपण द्यायचास की गं!"

१० मार्च, रविवार
आज छापून आलं. सासूबाई आल्या नाहीत. निरोपही नाही. हे भिंतीकडे तोंड करून बसलेत. लेक हसत नाही आता. तिच्याकडे बघवत नाही. तरी शब्द मागे घेणार नाही. कष्टाची शिवण होती, चोरीची नव्हे!

११ मार्च, सोमवार
सासूबाई आल्या, एकट्याच. चहासुद्धा नको म्हणाल्या. "लग्नात घालायला कपडा शिवायचाय. माप घ्या."
टेप लावली. डावा खांदा बोटभर खाली.
माझा हात तिथेच थांबला. त्या हळूच म्हणाल्या, "गाठ मारायला विसरू नका हं, विहीणबाई."