कडता धरून वजन

१ डिसेंबर १९४३, सांगली
विमा कंपनीच्या डॉक्टरांनी वजन केलं. नव्वद शेर. (त्यांनी पौंडांत सांगितलं, शेर मी केले.) म्हणाले, नुसत्या वजनाला अर्थ नाही, उंचीच्या मानाने बघायचं असतं. तक्ता दाखवला. माझ्या पाच फूट तीन इंचांना फार तर पंचाहत्तर. म्हणजे वजन बरोबर आहे, उंची कमी पडते.
दोन महिन्यांत ऐंशीवर आणा, मग पॉलिसी. आणणारच! थोरला भाऊ हरी बेचाळिसाव्या वर्षी बसल्या जागी गेला. वहिनी आता वाईत लोकांकडे पोळ्या लाटतात. मला एक्केचाळीस चालू आहे. शकुंतलेवर ती पाळी येऊ देणार नाही.

२ डिसेंबर
उद्यापासून भात, तूप, साखर बंद. पहाटे कृष्णेपर्यंत फिरणं.

३ डिसेंबर
थंडी फार. फिरणं नाही. साखर मात्र बंद. रेशनला आलीच नाही.

६ डिसेंबर
अडतीवर गुळाच्या गाड्या लागल्या. दिवाणजी या नात्याने प्रत्येक ढेपेचा खडा चाखावा लागतो. चाखणं म्हणजे खाणं नव्हे. शकुंतला म्हणाली, मग दुपारचं जेवण तरी कमी करा. बायकांना धंद्यातलं कळत नाही.

१२ डिसेंबर
केरबा तोलाराने गुळाच्या काट्यावर बसवलं. ओरडला, अठ्ठ्याऐंशी! मी खूश. मग कळलं, ढेपेची ओल आणि बारदान यांपोटी वजनातून दोन शेर कडता सोडतात, तो त्याने सवयीने मलाही सोडला. त्यात चूक काय? माणसालाही घाम असतो. शिवाय धोतर, कोट. लिहून ठेवलं: ८८.

२६ डिसेंबर
केरबाला म्हटलं, कडता चार धर. म्हणाला, दिवाणजी, कडत्यापायी शेतकरी आमच्या नावानं बोंब मारत्यात. आपणहून मागणारं तुमीच पयलं बगितलं. ८६! त्या आनंदात वाटीभर बासुंदी.

१५ जानेवारी १९४४
काल संक्रांत. कोणाचा तिळगूळ नाकारायचा? सगळ्यांशी गोड राहिलो.

३० जानेवारी
अडतीच्या चार पायऱ्या चढताना दोनदा थांबलो. उतरत्या वजनाने अशक्तपणा येतच असेल. केरबा म्हणाला, आता बारा शेर कडता म्हंजी लय झालं, मला पाप लागंल. धरायला लावला. बरोबर ८०.

१ फेब्रुवारी
डॉक्टरांच्या काट्यावर ब्याण्णव. त्यांना कडत्याची रीत समजावून सांगितली. हसले. मग छातीला नळी लावून बराच वेळ ऐकत राहिले, तेव्हा हसले नाहीत. अर्ज नामंजूर. पुन्हा कधी येऊ, विचारलं. म्हणाले, या छातीवर कुठलीच कंपनी सही करणार नाही.
फार भीती वाटली. घरी सांगितलं, त्यांचा काटा जुना आहे. शकुंतलेने ऐकून घेतलं.

७ फेब्रुवारी
शकुंतला आजपासून शेजारच्या अंजनाबाईंकडे मशीनवर शिवण शिकायला जाते. म्हटलं, या वयात बरी हौस आली.
म्हणाली, हौस नाही.