लक्ष्मम्मांची करडगी

६ जानेवारी
झालं एकदाचं! जळकोटचं आमचं संग्रहालय लातूरच्या सांस्कृतिक संकुलात विलीन. दोन खोल्या, गळकं छप्पर आणि सांभाळणारी मी एकटी — संपलं. आता वाचनालय, नाट्यगृह आणि आम्ही एकाच इमारतीत. मलाही तिथं घेतलंय. आनंद व्हायला पाहिजे ना? होईना.

९ जानेवारी
लातूरहून शेषेराव साहेब वस्तू निवडायला आले. "मंजुषाताई, उद्या कुणी परत मागेल अशी एकही वस्तू नको. कटकट नको." जाती, मोट, पाभर — ढुंकून बघितलं नाही. चांदीच्या करडगीपाशी मात्र थांबले. "ही दर्शनी ठेवू. खाली जळकोटचं नाव टाकू."

करडगी लक्ष्मम्मा आजींची. इष्टलिंग ठेवायची डबी, त्यांच्या माहेरची. लिंग कापडात बांधून गळ्यात घातलं आणि डबी मला दिली. म्हणाल्या, "लोकायनी बघू दे, पोरी. पण मी मेले की माझ्यासंगं मातीत गेली पाहिजे बघ." मी मान हलवून 'हाव' म्हणाले. आमच्याकडं सगळा कारभार असा शब्दावरच!

साहेबांना यातलं काही सांगितलं नाही. गावाची एक तरी वस्तू तिथं झळकावी, एवढाच हव्यास.

२ फेब्रुवारी
करडगी काचेत. वर दिवा. लई देखणी दिसते. मला बघवत नाही.

१७ मार्च
लक्ष्मम्मा आजींनी अंथरूण धरलंय. भेटायला गेले. माझा हात धरून — "आणलीस का?"
"आणते की, आजी."
शुद्ध थाप! त्यांची सून जगदेवी चुलीपासून म्हणाली, "ताई, रोज तेच इचारायलेत." घरी येऊन जेवण गेलं नाही.

१८ मार्च
साहेबांना सगळं सांगून टाकलं. भडकले. "तेव्हा तोंड शिवलं होतं का? आता समितीपुढं ठेवावं लागेल. पुढच्या महिन्यात बघू."
म्हातारं माणूस समितीसाठी थांबतंय होय! पण त्यांना काय बोलू? तोंड माझंच शिवलेलं होतं. मीच मेली हावरट.

२१ मार्च
बसमध्ये लिहितेय. अक्षर वेडंवाकडं येतंय.
सकाळी संकुलात असतानाच जगदेवीचा फोन — "आत्याबाई गेल्या. मातीसाठी स्वामी आलेत. लई वेळ ठेवता येत न्हाई, ताई. तुमी निघा."
साहेब बाहेरगावी. काचेची किल्ली माझ्याकडं. कुणाला विचारलं नाही. उघडलं, डबी रुमालात गुंडाळली, पर्समध्ये टाकली आणि निघाले. नोकरी जाईल. जाऊ दे! उदगीरला गाडी बदलायचीय, आणि ही अजून घाटातच रखडलीय.

२२ मार्च
काल पोचले तेव्हा माती लोटून झाली होती. जगदेवी रडत म्हणाली, "आता उकरायचं नसतंय, ताई."
करडगी माझ्या पर्समध्येच आहे.