वाळूवरची तीन अंडी

गुरुवार, मे अखेर. संध्याकाळ.

किळस आलीय. सगळ्यांची, माझीसुद्धा. जलपूजनाच्या पाहुण्यांना सवड नव्हती म्हणून बंधाऱ्याचं पाणी चार दिवस अडवून ठेवलं. तेव्हा खालच्या गावांची तहान कुणाला दिसली नाही. आज सकाळी दरवाजे उघडण्याआधी बंधाऱ्याखालचं नदीपात्र तपासायला गेलो, तर वाळूवर सुरय पक्ष्याची तीन अंडी. हल्ली हे पाखरू दिसतं तरी कुठं? साहेबांना म्हटलं, अजून चार दिवस थांबू, पिल्लं निघतील.

"पाखरासाठी लोकांचं पाणी अडवायलाव का तुमी?" साहेब म्हणाले.

वहीत 'वाळूवर काही नाही' लिहून सही केली. नारळ फुटला, दरवाजे उघडले.

सुरय अजून पाण्यावर घिरट्या घालतोय. तीन अंडी होती.

सकाळी खोटं लिहिलं होतं. आता ते खरं आहे.