उत्पलाचं दूध बंद

राजूर
१८ नोव्हेंबर २००५

ती. आईंना,
सप्रेम जयभीम, वि. वि.

उद्या सकाळच्या गाडीने राजदीप उत्पलाला घेऊन तुमच्याकडे बाभुळगावला निघत आहेत. हे पत्र त्यांच्याच हाती देते. फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि डॉक्टरीण बाईंनी मला पाचव्या महिन्यातच पलंगाला बांधून टाकलं आहे. पडून लिहिते आहे, अक्षर सांभाळून घ्या. तुम्ही कॉन्व्हेंटमध्ये शिकलेल्या मास्तरीण, लगेच लाल शाई काढाल.

नागपूरच्या डॉक्टरांनी उपूच्या घशातून दुर्बीण टाकली आणि अन्ननलिकेचा बारीकसा तुकडा तपासला. त्यात इओसिनोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी गर्दी करून बसल्या आहेत. त्यांनी तिथे असायलाच नको. डॉक्टरांचा अंदाज असा की तिच्या शरीराला दूध शत्रू वाटतं, त्यामुळे नळी आतून सुजते. म्हणून घास अडतो, म्हणून ती घासाघासाला पाणी मागते आणि भरलं ताट तासभर चिवडते. चार वर्षांची पोर अकरा किलोची आहे. आपण तिला नखरेल म्हणत होतो, आई. मी तर दोनदा मारलंसुद्धा.

आता दहा आठवडे दूध, दही, ताक, तूप, खवा, दुधाची भुकटी घातलेली बिस्किटं, सगळं बंद. नंतर पुन्हा दुर्बीण. पेशी कमी झाल्या तर फक्त दूधच सोडावं लागेल. नाही झाल्या तर गहू, अंडी, शेंगदाणे, सोयाबीन, मासे, सगळंच बंद करायचं म्हणतात. मग ह्या लेकराने खायचं तरी काय? सगळं ह्या दहा आठवड्यांवर आहे आणि हे दहा आठवडे मी तुमच्या ओटीत घालते आहे.

तुमची माया अशीच राहू द्या. माझ्यावर थोडी, तिच्यावर जास्त.

तुमची सून,
प्रियंका


बाभुळगाव
११ डिसेंबर २००५

चि. सौ. प्रियंकास,
अनेक उत्तम आशीर्वाद आणि जयभीम.

तुझी लेक मजेत आहे. पहिले चार दिवस रोज संध्याकाळी दारात उभी राहून राजूरची गाडी कोणती म्हणून विचारायची. आता विचारत नाही, म्हणून तू वाईट वाटून घेऊ नकोस.

उकंडा भाऊजींनी यंदाचा कापूस माझ्या समोरच्या खोलीत भरला आहे, कारण खरेदी केंद्रावर आठ-आठ दिवस गाड्या उभ्या आहेत आणि भाव कोणी धड सांगत नाही. छताला लागलाय. उपू त्यावर चढते आणि उड्या मारते. तिचं दुखणं ह्या कापसाच्या धुळीनंच वाढेल, असं मला आपलं वाटलं. मी भाऊजींना कापूस हलवा म्हटलं, तर ते म्हणाले की वहिनी, कापूस नागपूरले नेऊन त्यालेही दुर्बीण लावून आणू काय. तरी हलवला बिचाऱ्यांनी. आता त्यांच्या घरात चूल पेटवायला जागा नाही आणि जाऊबाई माझ्याशी बोलत नाहीत.

तूप मी घरातून काढून टाकलं आहे. बिस्किटाच्या पुड्यावरची बारीक अक्षरं भिंग घेऊन वाचते. भाकरीला जवसाचं तेल, भाताला साधं वरण, रात्री तिळाची चटणी. शेजारच्या रुपीबाईच्या शेळीला पिल्लं झाली आहेत, उपू दिवसभर तिथेच असते. गाल भरले आहेत तिचे. काल वाण्याच्या काट्यावर उभी केली, बारा किलोला चिमूटभर कमी. मी तिचं करते आहे, तू फक्त पडून राहा.

राजदीपला म्हणावं, खाणीतून आल्यावर स्वतःचं ताट स्वतः घासावं. मी त्याला शिकवलं होतं, लग्नानंतर विसरला असेल.

लोभ कमी करू नकोस.

तुझी,
आई


राजूर
८ फेब्रुवारी २००६

ती. आईंना,
सप्रेम जयभीम.

सोमवारी दुसरी दुर्बीण झाली. पेशी तेवढ्याच आहेत, उलट थोड्या वाढल्या आहेत.

डॉक्टरांनी राजदीपना तीनतीनदा विचारलं, दूध नक्की बंद होतं ना? त्यांनी सांगितलं की माझी आई शाळेत तीस वर्षं हजेरी घेत होती, तिच्याकडे अर्धा थेंब इकडचा तिकडे होणार नाही. मग डॉक्टरांनी उपूलाच विचारलं, बाळा, आजीकडे दूध प्यायलीस का? तिने नाही म्हणून मान हलवली.

म्हणजे दोष दुधाचा नाही, असं आता धरून चालायचं. येत्या सोमवारपासून गहू, अंडी, शेंगदाणे, सोयाबीन, मासे, सगळं बंद. दूध तर बंदच. त्यानेही भागलं नाही तर नाकातून नळी घालून नुसती औषधी भुकटी द्यावी लागेल, असंही ते बोलले. ते ऐकून राजदीप दवाखान्याच्या पायरीवर बसून राहिले.

काल उपूने पोळीचा तुकडा मागितला. म्हटलं खाऊन घे, सोमवारपर्यंत. तिला वाटलं मी लाडात आले आहे. शेजारच्या हजराबी पोळी लाटता लाटता तोंड फिरवून रडल्या.

तुम्हाला काही आठवत असेल, कुठे काही चुकून खाण्यात आलं असेल, तर कळवा. मी तुम्हाला दोष देत नाही. कोणी एवढं केलं नसतं.

पत्र बाभुळगावच्या गाडीच्या कंडक्टरच्या हाती पाठवते आहे. माया असू द्या.

प्रियंका


बाभुळगाव
१० फेब्रुवारी २००६

चि. सौ. प्रियंकास,
आशीर्वाद.

हे पत्र टपालाने चार दिवस घेईल आणि सोमवार तीन दिवसांवर आहे. म्हणून उकंडा भाऊजींच्या हाती पाठवते आहे. ते दारात बसले असतील, त्यांना आधी चहा दे, मग वाच.

सोमवारी काही बंद करू नकोस. दूध बंद नव्हतं.

मी उपूला रोज सकाळी रुपीबाईच्या शेळीचं कपभर दूध देत होते. ती आल्यापासून सहाव्या दिवशी सुरू केलं. रुपीबाई म्हणाली की मास्तरीण बाई, शेळीचं ते काय दूध असते, ते तर औषध हाय, आमच्या तांड्यावर आजाऱ्याले तेच पाजतात. पण तिच्यावर ढकलत नाही. मला ते आधीपासूनच खरं वाटत होतं. मी नऊ वर्षांची असताना कॉन्व्हेंटच्या वसतिगृहात मला टायफॉईड झाला होता. सिस्टर फिलोमिनांनी मला दीड महिना शेळीच्या दुधावर वाचवलं. त्या स्वतः कप धरून बसायच्या, रिकामा झाला की कपाळावर हात ठेवायच्या. माझी आई दूर होती आणि मला तो हात आईचा वाटायचा. आपल्या वस्तीतल्या पोरीला कोणी असं जवळ घेऊन पाजावं, हे तेव्हा फार मोठं होतं. गाई-म्हशीचं दूध ते दूध आणि शेळीचं ते औषध, हे माझ्या मनात तेव्हापासून पक्कं बसलं. उपूसमोर कप धरला की मला सिस्टर आठवायच्या. डॉक्टरांपेक्षा मी त्यांचं ऐकलं.

वजन वाढलं ते त्याच दुधानं. दोनदा उलटी झाली, ती मी बोरांवर ढकलली.

आणखी एक आहे, ते लिहायला हात धजत नाही. उपूला मी सांगितलं होतं, हे मम्मीला सांगायचं नाही, हे आजीचं आणि तुझं गुपित. म्हणून तिने डॉक्टरांपुढे मान हलवली. पोर खोटं बोलली नाही, तिने शब्द पाळला.

डॉक्टरांना आजच फोन कर. माझं नाव सांग.

इंदू


राजूर
२७ फेब्रुवारी २००६

ती. आईंना,
जयभीम.

इतके दिवस उत्तर दिलं नाही, कारण जे लिहायला घ्यायचे ते फाडावं लागायचं.

डॉक्टरांना त्याच दिवशी फोन केला. ते म्हणाले, शेळीच्या आणि गाईच्या दुधातली प्रथिनं जवळपास सारखीच, शरीराला फरक कळत नाही. असं करणारी तुम्ही पहिली आजी नाही, असंही म्हणाले. बाकीचं खाणं सुरू ठेवायला सांगितलं आहे. आता पुन्हा पहिल्यापासून बारा आठवडे फक्त दूध बंद, मे महिन्यात तिसरी दुर्बीण. म्हणजे तिला आणखी एकदा बेशुद्ध करायचं, आई. पहिल्या वेळी मी सोबत होते, हातात सुई टोचली तेव्हा ती ओरडली नाही, नुसती माझ्याकडे पाहत होती.

दुधाचं मी समजू शकते. मला कोणी शेळीबद्दल विचारलं असतं, तर ते चालत नाही असं छातीवर हात ठेवून मीही सांगू शकले नसते. पण गुपिताचं मला अजून पचलं नाही. परवा तिच्या पोटात दुखत होतं. दोन तास सांगितलं नाही. का म्हणून विचारलं, तर म्हणाली, मम्मीले सगळं सांगायचं नसते.

ह्या वेळी ती इथेच राहील. हजराबी येऊन भाकरी करून देतात. त्यांचे कय्युमभाई रोज तिला विचारतात, काय पैलवान, आज किती घास?

तब्येत जपा.

प्रियंका


बाभुळगाव
६ मार्च २००६

चि. सौ. प्रियंकास,
आशीर्वाद.

तू लिहिलंस ते सगळं बरोबर आहे. सोबत उपूसाठी वेगळा कागद ठेवला आहे, तो तिला वाचून दाखव एवढंच मागते.

चि. उपू,
तुला आजीचा पापा. आजीने तुला सांगितलं होतं की दुधाचं मम्मीला सांगायचं नाही. ते आजीचं चुकलं. मोठी माणसंही चुकतात आणि चुकली की त्यांनाही कान धरावा लागतो, मी आत्ता धरला आहे. तू आता मम्मीला सगळं सांगायचं. पोटात दुखलं, घास अडला, कोणी काही दिलं, भीती वाटली, सगळं. आणि कोणी म्हणालं की हे सांगू नकोस, तर ते सगळ्यांत आधी सांगायचं. मग ते सांगणारी आजी असली तरी. शेळीची पिल्लं मोठी झाली आहेत, ती तुझी वाट पाहतात. मीही.
तुझी आजी


राजूर
१२ मे २००६

ती. आईंना,
सप्रेम जयभीम, वि. वि.

नातू बावीस दिवसांचा झाला, हे तुम्हाला माहीतच आहे. दुसरी बातमी आज आली.

पेशी गेल्या, आई. जवळपास सगळ्या. नळी आतून गुळगुळीत झाली आहे म्हणाले. दूध एवढाच तिचा वैरी. गहू, अंडी, शेंगदाणे, सगळं खुलं. काल रात्री तिने दीड पोळी खाल्ली, मध्ये एकदाही पाणी मागितलं नाही आणि आणखी आहे का म्हणून विचारलं. राजदीप ताट तसंच सोडून बाहेर निघून गेले. मला कळलं, मी हाक मारली नाही.

तुमचा कागद मी तिला वाचून दाखवला होता. दुसऱ्या दिवशीपासून सगळं सांगायला लागली, ते अजून थांबलं नाही. हजराबींच्या घरी भांडण झालं ते, पप्पांनी खाणीतून येताना विडी ओढली ते, मी तुमचं पत्र वाचून रडले तेही. कॉलनीत कोणाची झाकली मूठ राहिली नाही. कय्युमभाई तिला आकाशवाणी म्हणतात.

उन्हाळ्यात ती तुमच्याकडे येते आहे. इथे बाळाचं करता करता माझी तारांबळ आहे, हे एक कारण. दुसरं तुम्हाला कळेल. माझी आई म्हणाली की पुन्हा काहून तिकडेच पाठवून राह्यली वं? मी म्हटलं, तिकडे तिची आजी आहे.

माया वाढू द्या.

प्रियंका


बाभुळगाव
२८ मे २००६

चि. सौ. प्रियंकास,
अनेक उत्तम आशीर्वाद, बाळाला गोड पापा, सर्वांना जयभीम.

काल नातवाचे पेढे वाटले. गल्लीतली सगळी पोरं ओट्यावर ओळीने बसवली, जशी तीस वर्षं वर्गात बसवत आले. डबा काखेत धरून एकेकाच्या हातावर पेढा ठेवत चालले होते. मन सगळं बाळाकडे लागलेलं, तो कोणासारखा दिसत असेल ह्या विचारात. ओळीत सातवा हात आला, त्यावरही ठेवायला गेले.

तो हात झटकन मागे गेला. उपूने दोन्ही हात पाठीमागे घेतले आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, आजी, हे दूध हाय! मी मम्मीले सांगीन!

पोरं हसली. माझ्या हातातला पेढा तसाच राहिला. डबा बंद केला आणि ओट्यावरच बसले. मग मी तिला म्हटलं, सांग, नक्की सांग. साबणाने हात धुतले, तिला गुळदाणे आणून दिले. तिने ते हातात फिरवून पाहिले आणि ह्यात काय काय घातलं आहे, हे विचारून मगच खाल्ले. माझ्यावर भरवसा ठेवला नाही तिने. मला वाईट वाटलं नाही म्हटलं तर खोटं होईल, पण रात्री झोप फार चांगली लागली.

ती पुढच्या सोमवारी राजदीपबरोबर परत येईल आणि दारातूनच हे सगळं सांगेल. म्हणून तिच्या आधी मीच सांगते आहे.

लोभ आहेच, अधूनमधून तपासून घेत जा.

तुझी,
आई