चौदा जुनी मशीनं

१९ मे १९८७, मंगळवार

गेल्या खंडेनवमीची सकाळ आठवते आहे. कंपनीनं इंग्लंडमधल्या आपल्या गिरण्या तपासायला पाठवलं होतं, म्हणून लेस्टरला धाकट्या भावाकडे, गुरुदत्तकडे उतरलो होतो. त्याचा मोजे विणायचा छोटा कारखाना. "दादा, यंदा मशीनांची पूजा तुझ्या हातची," म्हणाला. बावीस मशीनांना हळदकुंकू लावलं, फुलं वाहिली. तोंडात मंत्र, आणि डोळे मशीनवर कोरलेलं साल वाचत होते! चौदा मशीनं वीस वर्षांपूर्वीची. इथे परतल्यावर ते अहवालात लिहिलं — तिकडच्या छोट्या कारखान्यांचा नमुना म्हणून. कुणी मागितलंही नव्हतं.

आज त्याचं पत्र आलं. तिकडे निवडणूक आहे. सोबत एका उमेदवाराचं पत्रक — छोटे कारखाने मोडीत निघालेत, सरकारी मदत मोठ्या गिरण्यांना द्या. पुरावा काय? बावीसांतली चौदा मशीनं जुनी. त्या उमेदवाराच्या पक्षाला आमच्या कंपनीनं देणगी दिली आहे. ऑफिसात सगळ्यांना ठाऊक आहे, मलाही होतं.

गुरुदत्त लिहितो, "हे आकडे आपल्याच कारखान्याचे, दादा. आतल्या माणसाशिवाय कोण देणार? कुमारला काढून टाकलं."

कुमार त्याचा मुकादम. अकरा वर्षं होता.

२० मे

देवापुढे बसलो. हात जोडवेनात.

२६ मे

साहेबांना भेटलो. अहवाल कंपनीचा आहे, त्याचं काय करायचं ते कंपनी बघेल, म्हणाले. माझ्या हाताखालचा विक्रम जेवताना समजूत घालत होता — "पॉलिटिक्स आहे यार काका. इथे काय वेगळं चालतं? आणि तुमचं नाव कुठे आहे त्यात?"

नाही. तेच तर झोंबतं.

३१ मे

बायकोला, उत्तराला, सगळं सांगितलं. भाजी निवडता निवडता थांबली. "हळद लावताना मोजत होतात?" एवढंच. मग पुन्हा भाजी निवडायला लागली.

५ जून

गुरुदत्तचा फोन. अकरा तारखेला मतदान, त्याआधी नऊला छोट्या कारखानदारांची सभा. लोक खचलेत म्हणाला. दोघांनी तर त्याच उमेदवाराच्या पाट्या लावल्या — आपलं तसंही संपलंय म्हणून. कुमारचं विचारलं. दाराशी येऊन उभा होता म्हणे. "मी आत घेतलं नाही."

तोंडाशी आलं होतं. तिकडच्या थंडीचं विचारलं आणि फोन ठेवला. भेकड!

८ जून, सोमवार

दुपारीच घरी आलो आणि फोन लावला. म्हटलं, कुमार नव्हे, मी. उद्या सभेत माझं नाव घेऊन सांग — एका कारखान्यातून चोरून आणलेले आकडे आमच्या कंपनीनं सगळ्यांचे म्हणून खपवले.

तिकडे कागद ओढल्याचा आवाज आला. मग म्हणाला, "लिहून घेतो." दादा म्हणाला नाही. "नावापुढे हुद्दा काय लिहू?"

"काही नको. सकाळी राजीनामा दिला."